तात्यांच्या पितळी बॉबिनी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. एकदा शब्द तोंडातून बाहेर पडले होते, ते खरं — पण त्याला सांगणं म्हणता येणार नाही, आणि का म्हणता येणार नाही तेही आज सांगायचं आहे. इतकी वर्षं शाळेत शिकवलं मी. खोटं बोलणारं पोर कसं ओळखायचं हे मला पाठ आहे. ते नको इतका तपशील देतं. तेव्हा मी फार तपशिलात शिरू लागले, तर समजा की मुद्दा जवळ आलाय आणि मी त्याला वळसा घालतेय.

तर — गोष्ट शिवणमशीनच्या बॉबिनींची. हसाल. बॉबिन म्हणजे केवढी? रुपयाएवढी चकती. मशीनच्या पोटात बसते, तिच्यावर खालचा दोरा गुंडाळलेला असतो. वरचा दोरा सगळ्यांना दिसतो, त्याचंच कौतुक होतं. खालच्याकडे कोण बघतं?

माझे वडील, तात्या, वालचंदनगरला टर्नर होते. अख्खं आयुष्य लेथवर उभं राहून गेलं. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांच्या बाईंकडून त्यांनी ही मशीन घेतली होती. काळी, वजनाला दगड, सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली. बाहेरच्या देशातली. तिच्याबरोबर बॉबिन आली ती एकच, आणि तीही महिन्याभरात तडकली. मग सुरू झाला शोध. बारामती झाली, पुणं झालं, सोलापूरला कुणाच्या लग्नाला गेले तर तिथली दुकानंही पालथी घातली. बाजारातल्या बॉबिनी दिसायला तशाच, पण घातल्या की बोलतात. कुणी केसाएवढी जाड, कुणी केसाएवढी बारीक. शेवटी तात्यांनी पितळेची कांडी विकत आणली आणि दगडूकाका नावाच्या त्यांच्या दोस्ताच्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी, स्वतः बॉबिनी कातल्या. पहिल्या दोन फेकून दिल्या. मग तीन जमल्या.

जमली हे कसं कळायचं? बॉबिन तिच्या केसमध्ये, म्हणजे तिच्या लोखंडी डबीत, बसवायची, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळत सोडायची आणि मनगटाला हलका झटका द्यायचा. केस बोटभर खाली यावी आणि थांबावी. तात्या ते आम्हाला दहादा करून दाखवायचे. "थांबली पायजे," म्हणायचे. "घसरत गेली तर बॉबिन खोटी."

लग्नात ती मशीन माझ्याबरोबर इंदापूरला आली. तात्यांना वाटलं लेक शिवेल. लेकीला काय येत होतं? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी शिवलेल्या ब्लाउजची एक बाही मनगटाकडे निघायची तर दुसरी खांद्याकडे परत यायची. दोन-तीन वेळा हात पोळून घेतल्यावर मी मशीनवर भरतकामाचं कापड टाकलं आणि त्यावर रेडिओ ठेवला. सकाळची शाळा, वह्या, घर — शिवायला वेळ नाही असं सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

तात्या गेले ती एक्क्याण्णव सालची थंडी. त्यांच्या वस्तू आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या म्हणजे काय, वाटण्यासारखं होतंच काय? मला त्यांच्या चष्म्याचं घर मिळालं. आत चष्मा नव्हता, नुसतं घर.

आणि त्यानंतर सहा-सात महिन्यांनी शालन आली.

शालन माझी धाकटी नणंद. मोरगावच्या बाजूला कोरडवाहू गावात दिली होती. बाजरी आणि शेळ्या, त्यापलीकडे काही पिकत नाही तिकडे. नवरा कामाला टाळाटाळ करणारा आणि हात उचलायला तयार. सहा वर्षांच्या लेकीला, प्रज्ञाला, काखोटीला मारून, एका पिशवीत चार कपडे घेऊन ती एसटीने आली आणि आमच्या उंबऱ्यात उभी राहिली. ह्यांनी काही विचारलं नाही. "ये," एवढंच म्हणाले. मी चहा टाकला. त्या दिवशी माझ्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. पण मग केव्हापासून होतं?

तिसऱ्या दिवशी तिने रेडिओ उचलून फळीवर ठेवला, कापड काढलं, मशीनला तेल घातलं. लग्नाआधी ती शिवणवर्गाला जात होती म्हणे, मला माहीतही नव्हतं. चौथ्या दिवशी प्रज्ञाचा फ्रॉक. आठवड्यात शेजारणीचे दोन परकर. महिन्याभरात आमच्या ओट्यावर बायकांच्या चपला वाढायला लागल्या. तिचं माप घेणं बघण्यासारखं असे. टेप लावायची ती नावाला, नजरेनेच बाईला मोजून टाकायची आणि वर बाईला हसवायची. पाठीला पोक आलेल्या म्हातारीला तिने असा ब्लाउज शिवून दिला की म्हातारी दोन दिवस पदर न घेता गल्लीभर हिंडली.

ती भावाला म्हणाली, "दादा, सा म्हैने द्या मला. पायावर हुबी ऱ्हाते. मंग परत जायाचं नावच न्हाय." हे म्हणाले, सहा कशाला, वर्ष घे. सासरची माणसं दर महिन्या-दोन महिन्याला निरोप पाठवत होती — नांदायला पाठवा. शालनने मनाशी ठरवलं होतं: शिवणावर दोघींचं पोट भरलं तर जायचं नाही, नाही भरलं तर भावाच्या जिवावर बसायचं नाही. सगळं त्या मशीनवर होतं. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

मग मला काय झालं?

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. शालन पलीकडच्या खोलीत मशीनवर होती, तिच्या पायांचा तो एकसुरी आवाज येत होता. ह्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकलं आणि सहज, अगदी सहज म्हणाले, "मशीनला आत्ता खरी मालकीण भेटली."

बस्स, एवढंच. ते विसरूनही गेले असतील जेवण संपायच्या आत. मी नाही विसरले. माझ्या तात्यांची मशीन, माझ्या तात्यांनी कातलेल्या बॉबिनी, आणि मी कोण — मशीनवर रेडिओ ठेवणारी? आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी त्या रात्री मनात किती वेळा म्हटली असेल. वर्गात मुलांना म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावते ना, तसा मी तिचा वाक्यात उपयोग करत होते. आणि खरं सांगायचं तर ह्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच ते लागलं.

त्याच सुमाराला एक बॉबिन हरवली. शालनच्या हातून सुटली, घरंगळत मोरीत गेली आणि मोरीतून गटारात. तिने गटार काठीने ढवळलं, हाताने चाचपलं. नाही सापडली. रडली. "तात्यांच्या हातची हुती, वैनी," म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, वस्तूच ती. केवढी मोठ्या मनाची मी. मनात मात्र त्या बॉबिनीची मोजदाद चालू झाली होती: तीनातली एक हिने घालवली, आता दोन राहिल्या.

दोन बॉबिनींवर तिचं काम भागेना. रंग बदलला की दोरा उलगडा, पुन्हा गुंडाळा. त्यात शेजारच्या सुमनबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं आणि ब्लाउजचं सगळं काम शालनकडे आलं. नवरीचा पांढरा, बहिणींचे, मावश्यांचे. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते नीट झालं असतं तर लग्नसराईत तिला उसंत मिळाली नसती. मला तेव्हा बारामतीला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला रोज जावं लागायचं. तिने एक पितळी बॉबिन रुमालात बांधून माझ्या हातात दिली. "ह्या नमुन्याच्या चार आणा. नमुना दावल्याबिगर घेऊ नका, वैनी."

बारामतीत मंडईच्या अंगाला मशीनच्या सुट्या भागांचं एक चिंचोळं दुकान होतं. म्हातारे चाचा बसायचे. मी रुमाल सोडला. त्यांनी ती बॉबिन दोन बोटांत धरली, चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याजवळ नेली आणि विचारलं, कुणी केली? मी म्हटलं, वडिलांनी. मग एका डब्यातून त्यांनी बाजारातली बॉबिन काढून शेजारी ठेवली.

"बाई, ही बसंल तुमच्या केसमधी. पर आत हलंल," ते म्हणाले. "चिंधीवर टीप झ्याक दिसंल. ताण पडला की सुटंल. ही न्हेऊ नका. ह्या नमुन्यावरनं एकाद्या लेथवाल्याकडनं करून घ्या."

यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं? आणि लेथवाला शोधायलाही नको होता. दगडूकाका वालचंदनगरला होते, तात्यांची लेक म्हटल्यावर त्यांनी रात्र जागून चार कातून दिल्या असत्या. माझी एसटी वालचंदनगरवरूनच जायची.

मी चाचांना म्हटलं, द्या ह्याच चार.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल बाईला कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं, हळू, जसं मी ढ मुलाला समजावते तसं. मी म्हटलं, चालतील, घरगुती वापराला हव्यात. त्यांनी कागदात बांधून दिल्या.

एसटी वालचंदनगरच्या स्टँडवर थांबली. दहा मिनिटं थांबते तिथे. ड्रायव्हर चहाला उतरला. मी खिडकीत बसून होते, मांडीवर पर्स, पर्समध्ये कागदाची पुडी आणि रुमालातली पितळी बॉबिन. दगडूकाकांचं घर तिथून चालत पाच मिनिटं. मी उतरू शकत होते. शेजारच्या बाईने शेंगा पुढे केल्या, मी चार घेतल्या, सोलून खाल्ल्या. एसटी सुटली.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. नव्या बॉबिनी वाईट निघाल्या म्हणून शालनने बाजूला टाकल्या असत्या आणि जुन्या दोनांवर रेटलं असतं. पण मी घरी येऊन काय सांगितलं? मी म्हणाले, दुकानदार म्हणाला ह्याच तुमच्या मशीनच्या. आणि म्हणाला, पितळी आहेत त्या झिजल्यात, त्यांनी मशीनचं आतलं शटल घासतं, त्या आधी काढून टाका. — बघा, तपशील. शटल घासतं! हा शब्द मी दुकानात उभ्याउभ्या ऐकला होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनबद्दल.

मी मास्तरीण. मी शिकलेली. आमच्या वस्तीत एखाद्याला सरकारी कागद आला तर आधी माझ्याकडे वाचायला येई. शालनने माझ्यावर विश्वास ठेवला नसता तर कुणावर ठेवला असता? तिने दुसरी पितळी बॉबिन मशीनमधून काढली, तिच्यावरचा दोरा शेवटच्या हातापर्यंत उलगडला, पदराने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "तात्यांची आठवण हाय. तुमीच ठिवा," म्हणाली. मी दोन्ही चष्म्याच्या घरात ठेवल्या, आणि ते घर ट्रंकेत साड्यांच्या खाली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज बघत होते. ती केस लोंबकळत सोडायची — हे तिला मीच शिकवलं होतं, तात्यांचं म्हणून — आणि झटका द्यायची. केस सरसर खाली यायची. ती बारीक स्क्रू पिळायची. मग केस हलायचीच नाही. मग स्क्रू सैल. चिंधीवर टीप मारायची, उलटसुलट करून उजेडात बघायची. चिंधीवर टीप बरी यायची, चाचा म्हणाले होते तशीच. तरी तिच्या कपाळावरची आठी जात नव्हती. मी वह्या तपासत असल्यासारखं करून हे सगळं बघत होते. लाल पेनने चुका काढत होते मुलांच्या.

लग्न विहारापुढच्या मांडवात होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. वंदना झाली, पंचशील झालं, सगळे शांत, हात जोडलेले. नवरी पांढऱ्या साडीत इतकी गोड दिसत होती. मग हार घालायची वेळ आली. नवरा उंच. तिने दोन्ही हात वर केले आणि काखेपासून कमरेपर्यंत एका बाजूची शिवण सरळ उघडत गेली. दोन टाके अडले, मग तेही सुटले. पांढऱ्यावर काही लपत नाही. ती तशीच हार घेऊन हात खाली आणून उभी राहिली. मागे बायका फिसकन हसल्या. कुणीतरी धावत जाऊन तिच्या अंगावर टॉवेल टाकला. टॉवेल हिरवा होता. फोटोत आहे तो.

आणि मला — हे लिहायला मी तीन दिवस घेतलेत — मला त्या क्षणी बरं वाटलं. फार नाही, पाणी प्यायल्यावर वाटतं तेवढं. मग मी शालनकडे बघितलं. ती मांडवाच्या कडेला प्रज्ञाला धरून उभी होती आणि स्वतःच्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात पालथे-उताणे करून.

सुमनबाई दुसऱ्या दिवशी आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाच ब्लाउज मशीनवर ठेवले, पाची उसवलेले, आणि निघून गेल्या. आठवड्याभरात ज्यांची ज्यांची कापडं शिवायला पडली होती त्या सगळ्या येऊन न शिवलेली कापडं घेऊन गेल्या. कुणी म्हणालं घाई नाही, कुणी म्हणालं मुलीला शिकायचंय, तीच शिवेल. ओट्यावरच्या चपला गेल्या.

एका दुपारी शालन माझ्यापुढे येऊन बसली. "वैनी, एकडाव त्या जुन्या बॉबिनी घालून बगू का?"

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होते बहुतेक, कारण उत्तर तयार होतं. मी म्हटलं, त्या मी मोडीत दिल्या. भांडीवाला आला होता, त्याच्याकडे पितळेच्या जुन्या पळीबरोबर घातल्या.

तिने माझ्याकडे बघितलं. तात्यांच्या हातच्या बॉबिनी मी मोडीत दिल्या, यावर कुणाचा विश्वास बसेल? पण तिचा बसला. आणि तिला वाटलं, दुकानदाराने झिजल्या म्हणून सांगितलं, म्हणून वहिनीने काळजावर दगड ठेवून दिल्या. ती माझीच समजूत घालायला लागली. "बरं केलंत," म्हणाली. "झिजल्याच हुत्या त्या. कवा ना कवा जायाच्याच."

तिथे तरी मी थांबायला हवं होतं की नाही? नाही थांबले. मी म्हणाले, "मशीनचं काही नाही गं. तात्या असेपर्यंत कधी एक टीप सुटली नव्हती."

त्याचा अर्थ तिला कळला. मशीन चांगली, बॉबिन चांगली, मग राहिलं काय? ती उठली. मशीनवर तिने ते भरतकामाचं कापड टाकलं, चारी कोपरे सारखे केले. फळीवरचा रेडिओ आणून पुन्हा तिथे ठेवला, मी ठेवत होते अगदी त्याच जागी. "माजा हातच ग्येला, वैनी," म्हणाली. "कायतरी झालंय हाताला."

सासरची माणसं पुढच्या महिन्यात आली. नवरा, त्याचा चुलता आणि गावातले दोघे. बैठक झाली, नवऱ्याने मान खाली घालून पुन्हा असं होणार नाही म्हटलं. हे म्हणाले, शालन, तू म्हणशील तसं, घर तुझंच आहे. मी चहाचे कप गोळा करत होते. ती म्हणाली, "भावाच्या ताटात किती दिस हात घालू? जाते."

मी तिला वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. शेंगदाण्याची चटणी दिली. प्रज्ञाला नवी पाटी दिली. ट्रंक उघडली होती मी तिच्यासाठी साडी काढायला. साड्यांच्या खाली हाताला चष्म्याचं घर लागलं. मी साडी काढली आणि ट्रंक लावली. दारात ती माझ्या पाया पडली. पडू दिलं मी.

तीन वर्षांनी बुद्धपौर्णिमेला आली तेव्हा मला काहीतरी वेगळं वाटलं. बोलताना सारखी मान वळवत होती. तिच्या डाव्या बाजूला बसून मी काही विचारलं तर हसून भलतंच उत्तर द्यायची. म्हणाली, कान फुटला होता, पाणी गेलं असेल. मी मानलं. प्रज्ञा तेव्हा नऊ वर्षांची, तिने भाताची शितं गोळा करत सांगून टाकलं, बाबांनी मारलं होतं. हे मोरगावला गेले, आरडाओरडा केला, नवऱ्याची गचांडी धरली. त्याने कान परत येतो का? डाव्या कानाने शालनला आता काहीच ऐकू येत नाही.

मी ह्या सगळ्याचा हिशोब वर्गातल्या गणितासारखा कितीदा करून बघितला आहे. ती परत गेली नसती तर. बॉबिन बरोबर असती तर गेली नसती. मी एसटीतून उतरले असते तर. प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं आणि प्रत्येक वेळी मी हातचा विसरलाय का ते तपासते. नाही विसरलेला.

नव्याण्णव साल असेल. शालन पुन्हा आली, ह्या वेळी एक मागणं घेऊन. तिने आयुष्यात आमच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. प्रज्ञा तेरा वर्षांची झाली होती. शाळेत हुशार होती, आणि शिवणाचा नाद लागला होता. कुणाच्या तरी मशीनवर बसून बघून बघून शिकली होती. "मशीन तुमच्याकडं निस्ती पडून हाय, वैनी. पोरीला देता का? माज्या हाताला न्हाय, पर तिच्या हाताला गुण असंल."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मशीन माझ्या वडिलांची म्हणून. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. मला वाटलं होतं, सुटले.

ह्यांनी काटेवाडीच्या ओळखीच्या माणसाचा टेम्पो सांगितला. सकाळी मी मशीन पुसली. ड्रॉवरमध्ये त्याच चार बॉबिनी होत्या, बाजारातल्या, अजून पांढरा दोरा गुंडाळलेल्या. मी ट्रंक उघडली, चष्म्याचं घर काढलं, उघडून बघितलं. पितळ काळवंडलं होतं. नखाने घासलं तर खाली पिवळं निघालं. मी ते घर पर्समध्ये टाकलं. द्यायचंच म्हणून टाकलं. पण दिल्या तर ती काय विचारणार? मोडीत दिल्या होत्या ना, वैनी?

टेम्पोत मशीन चढली. दोरीने बांधली. शालन मागच्या फळीला हात टेकून उभी होती, पोरीला दोरी कुठे आवळायची ते दाखवत. हे ड्रायव्हरशी बोलत पुढे, इंजिन धडधडत होतं. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तिच्या डाव्या बाजूला. मुद्दाम तिथेच.

आणि मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. म्हटलं, "शालन, तुझा हात गेला नव्हता. बॉबिनी चुकीच्या होत्या. मला माहीत होतं."

इतकी वर्षं जे जिभेवर येत नव्हतं ते तीन वाक्यांत संपलं. माझ्याच कानांना माझा आवाज स्वच्छ ऐकू आला, वर्गात श्रुतलेखन घालताना येतो तसा.

माझे ओठ हललेले तिला दिसले असावेत. तिने मान वळवली, उजवा कान माझ्यापुढे केला, पदर मागे सारला.

"काय म्हनला, वैनी?"

मी म्हटलं, जपून न्या म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "जपूनच न्हेतो."

टेम्पो गेला. पर्स माझ्या खांद्याला होती. प्रज्ञा त्याच चार बॉबिनींवर शिवायला बसली, चिंधीवर टीप चांगली येते असं तिने पुढच्या पत्रात लिहिलं होतं. चष्म्याचं घर माझ्याकडेच आहे.